फोर्कलिफ्टचा पंप सर्वांत शेवटी निवडावा

आपण लिहिता की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आपला काजूचा लहान कारखाना आहे, कच्च्या काजूची पोती रचायला माणसे मिळेनाशी झाली आहेत, म्हणून भंगारातून आणलेल्या मास्टवर, म्हणजे फोर्क ज्यात वर-खाली जातात त्या उभ्या चौकटीवर, आपण स्वतःच एक लहान फोर्कलिफ्ट उभी करीत आहात. ५०० किलोचा भार २ मीटर उंच न्यायचा आहे. ट्रॅक्टरवरून काढलेला १६ सीसीचा (एका फेरीला एवढे तेल देणारा) गिअर पंप, दोन लेव्हरचा व्हॉल्व्ह आणि २४ व्होल्टसाठी ट्रकच्या दोन बॅटऱ्या आपल्याकडे आहेत. रॅमची, म्हणजे भार उचलणाऱ्या तेलाच्या जॅकची, नळी ६० मिलिमीटरची असल्यामुळे १७ बार दाब पुरेल असा आपला हिशेब आहे, आणि या पंपाला किती हॉर्सपॉवरची मोटर लावावी एवढाच आपला प्रश्न आहे.

मोटरचे उत्तर मी देणार आहे, परंतु ते बरेच खाली येईल, कारण आपली खरी अडचण मोटरची नाही. आपण पंपापासून सुरुवात करून व्हॉल्व्ह, होज असे करीत रॅमपर्यंत आला आहात. मी नेमका उलटा जातो. आधी रॅमचे तोंड, मग त्याला लागून काय बसते, मग भार कोण धरून ठेवतो, मग तो कोणत्या वेगाने खाली येतो, आणि एवढ्याचे समाधान झाले की पंप. भार वर जात असताना माणूस बटणावर बोट ठेवून फोर्ककडेच पाहत असतो, आणि पंपात किंवा मोटरमध्ये काही बिघडले तर बहुधा भार वर जात नाही एवढेच होते. मोटर बंद झाल्यावर मात्र अधांतरी लटकलेल्या अर्ध्या टनाला व्हॉल्व्हमधले करंगळीच्या नखाएवढे पोलादी टोक आणि होजची भिंत यांचाच आधार असतो. मी पाहिलेले बहुतेक अपघात या दुसऱ्या अवस्थेतले आहेत.

हे मी कोणत्या अनुभवावरून म्हणतो तेही सांगितले पाहिजे. डिचोली-साखळी पट्ट्यात खनिज वाहणाऱ्या टिपरांचे जॅक दुरुस्त करण्यात माझी पहिली वर्षे गेली, आणि २०१२ मध्ये खाणी थांबल्यावर मी कुंडईला येऊन गोदामातल्या यंत्रांकडे वळलो. टिपरचा जॅक आणि फोर्कलिफ्टचा रॅम ही तशी भावंडेच आहेत. दोन्ही तेलाने वर जातात आणि स्वतःच्या वजनाने खाली येतात. उचललेल्या हौद्याखाली टेकू लावल्याशिवाय वाकायचे नाही हा खाणीवरचा नियम मी गोदामातही सोडलेला नाही, आणि आपणही मास्टवर काम करताना कॅरेजखाली (फोर्क अडकवलेल्या, मास्टमध्ये सरकणाऱ्या चौकटीखाली) भक्कम टेकू लावल्याशिवाय एकही नट सैल करू नये.

आता दाबाचा हिशेब, कारण १७ बारचा आकडा दोन ठिकाणी घसरला आहे. पहिली गोष्ट अशी की अशा मास्टमध्ये फोर्क साखळीने टांगलेले असतात आणि साखळी रॅमच्या डोक्यावरच्या पुलीवरून जाते. रॅम १ मीटर वर गेला की फोर्क २ मीटर वर जातात, आणि त्याची किंमत म्हणून रॅमवर भार दुप्पट येतो. दुसरी गोष्ट, या प्रकारच्या बहुतेक रॅममध्ये पिस्टनला सील नसते, सील फक्त वरच्या तोंडाशी असते, त्यामुळे दाब नळीच्या नव्हे तर आतल्या दांड्याच्या क्षेत्रफळावर काम करतो. आपण नळी बाहेरून मोजली आहे. ६० मिलिमीटरच्या नळीत साधारणपणे ४० मिलिमीटरचा दांडा असतो असे धरून पुढे जाऊ. भार ५०० किलो, कॅरेज आणि फोर्क मिळून ९० किलो, म्हणजे ५९०. त्याची दुप्पट ११८०. आतल्या मास्टचे ६० किलो मिळवले की रॅमवर १२४० किलो आले. ४० मिलिमीटरच्या दांड्याचे क्षेत्रफळ १२.५७ चौरस सेंटिमीटर. दाब येतो ९७ बार, आणि रोलर व सीलचे घर्षण म्हणून १० टक्के धरले की १०७. आपल्या आकड्याच्या सहापट.

यात माझे काही अंदाज आहेत हे उघड आहे. दांडा ५० मिलिमीटरचा निघाला किंवा मास्टच्या दोन्ही बाजूंना दोन रॅम असले तर दाब खूप खाली येईल. पिस्टनला सील असलेला रॅम असेल तर नळीचा आतला व्यास धरावा लागेल. म्हणून दांडा व्हर्निअर कॅलिपरने मोजावा, कॅरेज आणि फोर्क वजनकाट्यावर घालावेत, आणि चेन ब्लॉकने रॅम १० सेंटिमीटर वर ओढून फोर्क २० सेंटिमीटर वर जातात का हे डोळ्यांनी पाहावे. पुढचे सगळे आकडे मी ४० मिलिमीटरचा एकच रॅम गृहीत धरून देतो. आपले माप वेगळे आले तर रीत तीच ठेवून आकडे बदलावेत.

रॅमच्या तोंडाशी, म्हणजे जिथे होज जोडायचा तिथे, सर्वांत आधी होज बर्स्ट व्हॉल्व्ह बसवावा. ही एक लहानशी चकती आणि स्प्रिंग असते. तेल ठरलेल्या वेगाने बाहेर पडते तोवर ती स्वस्थ राहते. होज फुटून तेल एकदम सुटले की ती तोंड बंद करते आणि भार जागच्या जागी अडकतो. ती रॅमच्या पोर्टमध्येच (तेलाच्या तोंडातच) आट्यांनी बसली पाहिजे, होजच्या दुसऱ्या टोकाला नव्हे. हे मी चूक करूनच शिकलो. कुंडईतल्या पहिल्याच वर्षी एका गोदामाच्या स्टॅकरवर काम करताना रॅमचा पोर्ट मेट्रिक आट्यांचा निघाला, माझ्याजवळचा व्हॉल्व्ह ३/८ बीएसपी या इंची आट्यांचा होता, अडॅप्टर आणायला पणजीपर्यंत जावे लागले असते, आणि मी तो व्हॉल्व्ह तात्पुरता म्हणून खाली, होजच्या दुसऱ्या टोकाला, व्हॉल्व्हच्या ब्लॉकपाशी बसवला. तात्पुरते काम तीन महिने टिकले. होज मास्टच्या चॅनलच्या कडेला घासत होता, एका सकाळी तो मधेच फुटला, आणि बर्स्ट व्हॉल्व्ह फुटलेल्या जागेच्या पलीकडे असल्यामुळे त्याला काही कळलेच नाही. रिकामा पॅलेट घेऊन फोर्क सव्वा मीटरवरून खाली आदळले. जवळ कोणी नव्हते ही माझी हुशारी नव्हे.

बर्स्ट व्हॉल्व्हचा आकडा उतरण्याच्या वेगावरून ठरतो. फोर्क सेकंदाला १५ सेंटिमीटर खाली यावेत असे धरले तर रॅममधून मिनिटाला सुमारे ५.६ लिटर तेल परत येते. व्हॉल्व्ह साधारण ८ लिटरला बंद होईल असा घ्यावा. आयएसओ ३६९१-१ या औद्योगिक ट्रकांच्या, म्हणजे फोर्कलिफ्टसारख्या यंत्रांच्या, सुरक्षा-मानकात हायड्रॉलिक मार्गात बिघाड झाला तरी भार सेकंदाला ०.६ मीटरहून वेगाने खाली येता कामा नये अशी अट आहे. आपल्या रॅमवर ते मिनिटाला साडेबावीस लिटर होतात, म्हणजे ८ लिटरचा व्हॉल्व्ह त्याच्या कितीतरी आधी तोंड बंद करील. मात्र बारीक छिद्रातून झिरपणारे तेल त्याला कळत नाही. ते आपल्या डोळ्यांनाच शोधावे लागते, आणि शोधताना बोट फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा. १०० बारला सुईएवढ्या छिद्रातून निघालेली तेलाची धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण तासाभरात शस्त्रक्रियेचे प्रकरण होऊ शकते.

यानंतर भार धरून ठेवण्याचा प्रश्न. आपला दोन लेव्हरचा व्हॉल्व्ह स्पूलचा आहे. स्पूल म्हणजे भोकात सरकणारा दांडा. तो सरकला पाहिजे म्हणून भोवती काही मायक्रॉनची फट ठेवावीच लागते, आणि दाबाखालचे तेल त्या फटीतून कणाकणाने टाकीकडे जात राहते. व्हॉल्व्ह नवा असो की जुना, हा त्याचा दोष नसून स्वभाव आहे. विकणारा सांगेल की आत लोड चेक, म्हणजे तेल मागे न येऊ देणारे दार, आहे. ते खरे असते, परंतु लेव्हर ओढताक्षणी भार किंचित खाली बसू नये एवढ्याचसाठी ते असते. लेव्हर मधोमध असताना स्पूलची गळती ते थांबवत नाही. झिजलेल्या व्हॉल्व्हमधून मिनिटाला १० सीसी तेल गळते असे धरा, म्हणजे चहाचे दोन चमचे. त्याने रॅम ८ मिलिमीटर आणि फोर्क १६ मिलिमीटर खाली येतात, दहा मिनिटांत १६ सेंटिमीटर. वरच्याच मानकात दहा मिनिटांना १० सेंटिमीटर एवढीच सूट आहे. ट्रॅक्टरच्या नांगराला याने काही बिघडत नाही, पण रचलेल्या पोत्यांवर टेकायला आलेल्या पॅलेटला बिघडते.

म्हणून भार धरायला पॉपेट प्रकारचा, म्हणजे शंकूच्या आकाराचे टोक पोलादी बैठकीवर बसणारा सोलेनॉइड (विजेने उघडणारा) व्हॉल्व्ह घ्यावा. वीज नसताना बंद राहणारा. पंपाकडून येणाऱ्या वाटेवर तेल एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, टाकीकडे जाणाऱ्या वाटेवर हा पॉपेट, अशी दोन दारे झाली की मोटर थांबल्यावर तेल मधल्या मधे कोंडून राहते. पॉपेटच्या बैठकीवर लोखंडाचा एक कीस अडकला तरी भार झिरपू लागतो, त्यामुळे जोडणीच्या आधी प्रत्येक होज आणि नळी धुऊन, हवा मारून घ्यावी. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. तिचे तुकडे सुटून नेमके या बैठकीवर जाऊन बसतात. बीएसपीच्या समांतर आट्यांना डाउटी वॉशर (आत रबराची कड असलेला धातूचा वॉशर) पुरतो. आपला लेव्हरचा व्हॉल्व्ह वाया गेला असे समजू नका, पुढे मास्टला टिल्ट, म्हणजे पुढे-मागे झुकण्याची सोय, द्यायचा झाला तर तो लॉक व्हॉल्व्हच्या जोडीने उपयोगी पडेल. पोती सरळ रचायची असतील तर मात्र टिल्ट टाळावा असे माझे मत आहे.

उतरण्याचा वेग बहुतेकजण साध्या नीडल व्हॉल्व्हने आवळतात आणि तिथे फसतात. रिकाम्या फोर्कचा रॅमवरचा दाब १९ बारच्या आसपास असतो आणि भरलेल्यांचा ९७. अरुंद भोकातून जाणारे तेल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे रिकामा असताना पसंत केलेल्या वेगाच्या सव्वादोन पटीहून अधिक वेगाने भरलेला पॅलेट खाली येतो. माणूस मग भरलेल्या वेगावर व्हॉल्व्ह आवळतो आणि रिकामे फोर्क इतके रेंगाळतात की कामगार कंटाळून त्यांच्यावर पाय देऊन ढकलतात. हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. दाबाची भरपाई करणारा फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह थोडा महाग पडतो, पण दोन्ही स्थितींत वेग जवळपास सारखा ठेवतो. रिकामे फोर्क रेंगाळू नयेत याच कारणाने होज पाव इंची न घेता ३/८ इंची, दोन तारजाळ्यांचा घ्यावा. ताकदीला एक जाळीचाही पुरला असता, परंतु मास्टमध्ये होज सतत वाकतो आणि घासतो. पॉपेटला हाताने उघडण्याची गुंडी असलीच पाहिजे. भार वर असताना बॅटरी बसली, तर ती गुंडी हळूहळू फिरवून फोर्क खाली आणणे हाच एक मार्ग उरतो, आणि ती गुंडी फोर्कखाली न जाता हाताला आली पाहिजे.

इथपर्यंतचा क्रम असा झाला: रॅम, त्याला चिकटून बर्स्ट व्हॉल्व्ह, होज, मग एकाच ब्लॉकमध्ये नॉन-रिटर्न, पॉपेट आणि फ्लो कंट्रोल. पंप अजून आलेलाच नाही, आणि आता तो निवडायला दहा मिनिटे लागतात.

फोर्क सेकंदाला १० सेंटिमीटर वर जावेत असे ठरवले, जे पोत्यांसाठी पुरेसे आहे, तर रॅमला मिनिटाला ३.८ लिटर तेल लागते. बार गुणिले लिटर भागिले ६०० म्हणजे किलोवॅट. १०७ आणि ३.८ घातले की सुमारे ०.६८ येतो, पंपाची झीज-गळती धरून मोटरच्या दांड्यावर ०.८५. म्हणजे १.२ किलोवॅटची २४ व्होल्ट डीसी मोटर घ्या. ती मिनिटाला २८०० फेऱ्यांची असेल तर पंप दीड सीसीचा लागेल, १४४० फेऱ्यांची असेल तर तीन सीसीचा. बॅटरीतून साधारण ४७ अँपिअर जातील, आणि वीस सेकंदांच्या एका उचलीला पाव अँपिअर-तासाहून थोडे अधिक खर्च होईल. या मोटरी सतत चालण्यासाठी बनवलेल्या नसतात, तेव्हा पाटीवरचा ड्यूटी सायकल, म्हणजे एकूण वेळाच्या किती टक्के ती चालवता येते तो आकडा, वाचावा. दर तीन मिनिटांना एक उचल म्हणजे सुमारे ११ टक्के. ट्रकच्या बॅटऱ्या स्टार्टर फिरवण्यासाठी असतात, रोज खोलवर रिकाम्या केल्या तर लवकर बसतात; इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटऱ्या बऱ्या.

आता आपल्या १६ सीसी पंपाचे काय होते ते पाहा. १४४० फेऱ्यांवर तो मिनिटाला जवळजवळ २१ लिटर तेल देईल, फोर्क चार सेकंदांच्या आत २ मीटर वर जातील, आणि त्यासाठी दांड्यावर साडेचार किलोवॅटहून अधिक शक्ती लागेल, म्हणजे सहा हॉर्सपॉवर. २४ व्होल्टवर अडीचशे अँपिअर. आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर हेच आहे, आणि ते उत्तर कोणी अमलात आणू नये. पट्टा लावून पंपाची गती कमी करा असे कोणी सुचवील. आपल्याला हवा असलेला मिनिटाला ३.८ लिटरचाच प्रवाह त्यातून घ्यायचा असेल तर तो पंप पावणेतीनशे फेऱ्यांच्या आसपास फिरवावा लागेल, आणि इतक्या संथ गतीला गिअर पंपाचे तेल बरेचसे आतल्या आतच परत फिरते, झिजलेल्या जुन्या पंपाचे तर नक्कीच. शिवाय ट्रॅक्टरचे बरेच पंप एकाच दिशेने फिरायचे असतात. उलटा फिरवला तर शाफ्टचे ऑइल सील पहिल्याच मिनिटाला बाहेर येते.

रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे ठरलेल्या दाबापलीकडे तेल टाकीत परत सोडणारा व्हॉल्व्ह, पंप आणि नॉन-रिटर्न यांच्या मध्ये बसवावा आणि १२५ बारवर ठेवावा. आधी तो पूर्ण सैल करून, रॅम शेवटच्या टोकाला नेऊन, गेजकडे पाहत पाव-पाव फेरा आवळत जावे. १२५ बारला आपली यंत्रणा घर्षण धरून साधारण ६०० किलोच्या पुढे उचलणार नाही, हाच ओव्हरलोडचा अटकाव. परंतु भार फोर्कच्या मुळाशी आहे की टोकाशी आहे हे रिलीफ व्हॉल्व्हला कळत नाही. ४०० किलोचा पॅलेट टोकावर घेतला तरी गाडी पुढे कलंडू शकते आणि गेज शांतपणे ८० च्या आसपास दाखवत राहील. चाकांची आणि मागच्या वजनाची मांडणी हा वेगळा हिशेब आहे. तो केल्याशिवाय फोर्कवर भार घेऊ नये.

टाकीबद्दल पुस्तकात वाचलेले इथे पुरत नाही. पूर्ण उचलीला रॅममध्ये सव्वा लिटर तेल जाते, म्हणजे टाकी प्रत्येक वेळी सव्वा लिटर हवा आत ओढते आणि उतरताना बाहेर सोडते. सहा लिटरची टाकी आपल्याला पुरेल, पण ती दिवसातून शंभर वेळा वाळपईची जुलैमधली हवा श्वासात घेणार आहे. रात्री पत्रा थंड झाला की झाकणाच्या आतून थेंब धरतात आणि तळाशी उतरतात. ऑगस्टमध्ये माझ्याकडे येणाऱ्या टाक्यांतले तेल पुष्कळदा ताकासारखे पांढरे झालेले असते. म्हणून ब्रीदर (टाकीत हवा जाण्या-येण्याचे झाकण) ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलचा घ्यावा, टाकीचा तळ एका बाजूला उतरता करून तिथे ड्रेन नट ठेवावा, आणि पावसाळ्यात दर सोमवारी यंत्र चालू करण्यापूर्वी तो नट किंचित सैल करून चमचाभर तेल काढून पाहावे. परतीची नळी तेलाच्या पातळीखाली सोडावी, नाहीतर फेस होतो. तेल दुकानदार सवयीने ६८ नंबरचे देईल (नंबर मोठा तेवढे तेल दाट). दिवसभर तापणाऱ्या यंत्राला ते ठीक, परंतु आपले यंत्र बहुतेक वेळ थंडच असणार, तेव्हा ४६ नंबर घ्यावे.

आपल्या धंद्यातली एक खास अडचण म्हणजे टरफलाचे तेल. ज्या तेलाने काजू फोडणाऱ्या बायांच्या हातांची कातडी सोलते, ते धुळीत मिसळून रॅमच्या दांड्यावर काळा चिकट थर धरते, आणि दांडा खाली जाताना तो थर सीलपाशी ओढला जातो. संध्याकाळी दांडा फडक्याने पुसून रॅम पूर्ण खाली ठेवून यंत्र सोडले तर क्रोम रात्रभर उघडे राहत नाही. भंगारातल्या रॅमच्या क्रोमवर नख फिरवून पाहा. खड्डे लागले तर सील कितीही नवे घाला, ते महिन्याभरात कातरले जाईल, आणि दांड्याला पुन्हा क्रोम करून ग्राइंडिंग केल्याशिवाय गत्यंतर नाही.

सगळे जोडून झाले की रॅमच्या डोक्यावरचा एअर स्क्रू सैल करून रिकामे फोर्क आठ-दहा वेळा वर-खाली करा. फोर्क पायऱ्या चढल्यासारखे धक्के देत जात असतील तर हवा अजून आत आहे. मग सिमेंटची पाच पोती, म्हणजे २५० किलो, आणि त्यानंतर दहा. दहा पोती वर नेऊन, तेल कोमट असताना, मास्टवर खडूने रेघ ओढून दहा मिनिटे थांबा. चांगल्या पॉपेटवर फोर्क १ सेंटिमीटरहून अधिक उतरलेले मला चालत नाहीत, मानक १० म्हणत असले तरी. बर्स्ट व्हॉल्व्हची परीक्षा २५० किलो जमिनीपासून केवळ ३० सेंटिमीटरवर धरून, माणसे दूर ठेवून घ्यावी: फ्लो कंट्रोल पूर्ण उघडून पॉपेट एकदम सोडला की फोर्क किंचित खाली येऊन खाडकन थांबले पाहिजेत, आणि पंपाने थोडे वर उचलल्यावर पुन्हा सुटले पाहिजेत. न थांबता खाली गेले तर व्हॉल्व्ह आपल्या प्रवाहासाठी मोठा आहे, बदलून घ्या. कामगार या यंत्रावर काम करणार असल्यामुळे वापर सुरू करण्यापूर्वी सक्षम व्यक्तीकडून ते तपासून घ्यावे, आणि आपल्या कारखान्याला कोणते नियम लागू पडतात हे कारखाने व बाष्पके निरीक्षणालयात विचारावे.

एवढे वाचून सुटे भाग जमवण्याचा उत्साह कमी झाला असेल, तर डीसी मोटर, पंप, रिलीफ, नॉन-रिटर्न आणि पॉपेट एकाच ब्लॉकवर बसवलेला तयार पॉवर पॅक बाजारात मिळतो आणि मीही आता बहुतेक वेळा तोच घेतो. त्यातही बर्स्ट व्हॉल्व्ह वेगळाच घ्यावा लागतो. आधी दांड्याचा व्यास, पोर्टचे आटे आणि कॅरेजचे वजन मोजून कळवा. त्यावरून पंपाचा सीसी आणि बर्स्ट व्हॉल्व्हचा लिटरचा आकडा मी नक्की करून देईन.